नोंदवहीचा रोख

विशेष मुलांच्या वर्तनाची मोबाइलवर नोंद ठेवणारी ॲप्स आता नवलाईची राहिलेली नाहीत. मूल किती वेळा ओरडलं, किती मिनिटं रडलं, हात चावला का, हाक मारल्यावर वळलं का, हे आई किंवा विशेष शिक्षिका पडद्यावर बोट टेकवून टिपते आणि रात्रीपर्यंत त्याचा आलेख तयार होतो. वहीत रेघा मारण्याचे दिवस संपले, आता कुठे खरी वस्तुनिष्ठ नोंद सुरू झाली, असा या ॲपांच्या प्रचाराचा सूर असतो. पण ही रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास चाळला तर अचूकतेपेक्षा वेगळीच गोष्ट बदलत गेलेली दिसते. ती म्हणजे नोंदीचा रोख. सुरुवातीच्या चांगल्या नोंदी मुलाविषयी असल्या तरी त्यात परीक्षा व्हायची ती मोठ्यांची, त्यांच्या शिकवण्याची, त्यांच्या उपचारांची. साधन जसजसं सोपं झालं, तसतसा मोठा माणूस चौकटीतून बाजूला सरकला आणि आत मूल एकटं उरलं. मोबाइलने ही वाट पाडलेली नाही, तो तिच्या आजच्या टोकाला आहे इतकंच. आणि परत फिरायचं ठरवलं तर त्याची सोयही, गंमत म्हणजे, त्याच्याकडेच आहे.

1800 साली दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात, रानात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत त्याला आणलं, तेव्हा फिलिप पिनेलसारख्या नामांकित वैद्याने हा मुलगा मुळातच मंदबुद्धी आहे असा निर्वाळा दिला. ज्यां इतार या तरुण डॉक्टरला ते पटलं नाही. त्याने मुलाचं नाव व्हिक्टर ठेवलं, काही वर्षं त्याला शिकवलं आणि 1801 व 1806 मध्ये दोन अहवाल लिहिले. विशेष मुलाच्या वर्तनाचा इतका बारकाईने ठेवलेला वृत्तांत त्याआधी क्वचितच कुणी लिहिला असेल. त्यात इतार स्वतःलाही सोडत नाही. कुठली युक्ती फसली, आपला तोल कधी सुटला, हे तो लिहून ठेवतो. एकदा संतापाच्या भरात त्याने व्हिक्टरला उंच खिडकीबाहेर उलटं धरलं होतं, तेही अहवालात आहे. आणखी एक प्रसंग तर आजच्या कुठल्याही थेरपिस्टने वाचावा असा आहे. या मुलाला न्याय-अन्याय कळतो का, हे पाहण्यासाठी इतारने एकदा त्याने काम बरोबर केलेलं असताना मुद्दाम शिक्षा केली. व्हिक्टरने प्रतिकार केला आणि त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. इतारला त्या चाव्याचा आनंद झाला. अन्यायाची चीड येणारं मन इथे आहे, असं त्याने लिहिलं. हा चावा लक्षात ठेवायचा आहे, कारण पुढच्या दीडशे वर्षांत असे अनेक चावे निव्वळ आकडे होणार होते.

इतारचं काम त्याचा शिष्य एदुआर सेगँ याने पुढे नेलं आणि या दोघांची पुस्तकं मारिया माँटेसोरींनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. रोममध्ये मागे पडलेल्या मुलांना शिकवताना त्यांनी जे पाहिलं, तेच 1907 नंतर सर्वसाधारण मुलांच्या शिक्षणाचा पाया झालं. शिक्षकाने आधी निरीक्षक व्हावं, मूल रमत नसेल तर साहित्य किंवा आपली पद्धत तपासावी, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रात तो ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामातून बोर्डी-कोसबाडपर्यंत पोचला. आपल्या बालवाड्यांमागे विशेष मुलांसाठी केलेल्या कामाचं असं ऋण आहे, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

स्वमग्नतेचा इतिहास तर एका नोंदीपासूनच सुरू होतो. 1938 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनरना 33 पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं. विषय होता त्याचा मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. भांडी गरगर फिरवत बसणं, ठरलेल्या क्रमात बदल झाला की आकांत करणं, एकटेपणातच सुखी असणं, सगळं त्यात आलं होतं. 1943 मध्ये कॅनरनी अकरा मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा त्यात पहिला होता डोनाल्ड, आणि त्याच्या वर्णनाचा कणा होतं बापाचं पत्र. पण त्याच निबंधात कॅनरनी बापाच्या या तपशीलवारपणाकडेच संशयाने बोट दाखवलं, आणि पुढे थंड आईबापांमुळे मुलं अशी होतात ही कल्पना फोफावली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या 1967 मधल्या पुस्तकाने तिला लोकमान्यता दिली. इथे एक आक्षेप उभा राहतो. नोंदीने मोठ्यांची परीक्षा घ्यावी म्हणावं, तर त्या परीक्षेनेच आयांच्या माथी पाप मारलं की! पण नीट पाहिलं तर आयांना दोषी ठरवणाऱ्यांकडे घरातल्या रोजच्या व्यवहाराची नोंद नव्हतीच, होता तो सिद्धान्त. त्याला खोडून काढलं ते नोंदीनेच. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मधल्या आपल्या पुस्तकाला पालकांसाठी एक प्रश्नावली जोडली, आणि ती भरून पालक त्यांच्याकडे पाठवू लागले. दोष देणं आणि तपासून पाहणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते त्या प्रश्नावलीच्या इतिहासात दिसतं.

मोजणीची शिस्त आली ती वर्तनवाद्यांकडून. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी ऑग्डन लिंड्स्ली 1953 पासून बॉस्टनजवळच्या वॉल्थम इथल्या मनोरुग्णालयात काम करत होते. पुढे कॅन्सस विद्यापीठात जाऊन ते शिक्षकांकडे वळले. त्यांनी तयार केलेला निळ्या छपाईचा आलेखकागद 140 दिवसांचा होता, आणि त्याची उभी मापपट्टी अशी आखलेली, की एकाचे दोन होणं आणि पन्नासाचे शंभर होणं कागदावर सारख्याच उंचीचं दिसावं. म्हणजे अगदी हळू शिकणाऱ्या मुलाची दुप्पट प्रगती हुशार मुलाच्या दुप्पट प्रगतीइतकीच ठसठशीत दिसे. आलेखाची आखणीही किती न्यायी असू शकते, याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. लिंड्स्लींचं मुख्य तत्त्व स्किनरांच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. तिथे उंदराने अपेक्षेप्रमाणे वागलं नाही, तर चूक प्रयोग मांडणाऱ्याची धरली जाई. वर्गातही तसंच. रेघ चढत नसेल तर शिकवणं बदला, शिकणारा चुकत नाही. मुलं आपले ठिपके पुष्कळदा स्वतःच मांडत. 1968 मध्ये लिंड्स्लींनी मनगटावर बांधायच्या गणकयंत्रावर टिपण लिहिलं. गोल्फचे फटके मोजायचं हे छोटं साधन शिक्षिकेच्या हातावर आलं आणि वर्गात फिरता फिरता वर्तन मोजता येऊ लागलं. आजच्या स्मार्टवॉचचा हा साधासुधा पूर्वज. त्याच वर्षी सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रकान्यांची पद्धत मांडली. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. साधी वाटते, पण तिच्यात मोठा शहाणपणा आहे, कारण पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा मोठं माणूस असतं. कुणीतरी काम सांगितलेलं असतं, खेळणं काढून घेतलेलं असतं, आणि आरडाओरडा झाल्यावर कुणीतरी काम मागे घेतलेलं असतं.

मग रोख फिरला कसा? एक कारण त्याच चळवळीच्या पोटात होतं. 1965 मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ईव्हार लोव्हास आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या स्वमग्न जुळ्या भावांना विजेचे धक्के देऊन प्रयोग केले. आलेखांत चाळे आणि आकांत कमी झाले, मुलं मोठ्यांकडे येऊ लागली. आलेखापुरतं पाहिलं तर सुधारणाच. भीतीपोटी जवळ येणं आणि ओढीने जवळ येणं यांच्या रेघा सारख्याच दिसतात. लोव्हासनी 1987 मध्ये आठवड्याला 40 तासांच्या शिकवणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, 19 पैकी 9 मुलं इतरांसारखी शिकू लागल्याचा. त्यानंतर तासन्‌तास चालणाऱ्या, प्रत्येक उत्तरापुढे अधिक-उणे मांडणाऱ्या थेरपीचं पेवच फुटलं. दुसरं कारण कायदा. 1975 च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक विशेष मुलासाठी लेखी, मोजता येतील अशी उद्दिष्टं असलेला वैयक्तिक आराखडा बंधनकारक केला. 1997 च्या दुरुस्तीने मुलावर शिस्तभंगाची मोठी कारवाई करताना त्याच्या वर्तनाची कारणमीमांसाही शाळेकडून मागितली. हेतू उत्तम होता, आणि त्या कायद्यापूर्वी अशा लाखो मुलांना शाळेचं दारही उघडं नव्हतं. पण नोंद आता पुरावा झाली, आणि पुरावा गोळा करणारा माणूस सहसा स्वतःविरुद्धचा कागद फाइलला लावत नाही.

आपल्याकडे नोंद आली ती आलेखांपेक्षा तपासणीसूचीच्या रूपात. मुंबईत 1944 मध्ये जय वकील शाळा, पुण्यात 1964 मध्ये कामायनी, नाशकात 1977 मध्ये रजनी लिमये यांची प्रबोधिनी, अशा संस्था उभ्या राहत असताना मुलाची पातळी ठरवायला भारतीय मापं हवी होती. नागपुरात ए. जे. मालिन यांनी अमेरिकेतल्या व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मापनाचं भारतीय रूप केलं. 89 बाबींचं ते माप देशभर वापरलं गेलं. मद्रासच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसने 18 क्षेत्रांतल्या 360 बाबींची यादी केली. तिचा गुण असा, की ‘चमच्याने खातो’, ‘बटण लावतो’ अशी प्रत्येक बाब मूल काय करू शकतं या भाषेत होती, आणि न येणारी बाब म्हणजे शिक्षिकेचं पुढचं काम. 1984 मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि तिथून 1992 मध्ये रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांची मापनश्रेणी आली. तिचा पहिला भाग 280 कौशल्यांचा, दुसरा 75 समस्यावर्तनांचा. या दुसऱ्या भागात दहा गट आहेत, आणि त्यांत हिंसक वर्तन, आकांडतांडव यांच्या जोडीला विचित्र वर्तन आणि बंडखोर वर्तन हेही आहेत. मापनश्रेणी काळजीपूर्वक केलेली आहे, तिने गावोगावच्या शिक्षकांना एक समान भाषा दिली. तरी ‘बंडखोर’ हा शब्द पाहिला की इतारचा चावा आठवतो. बंड कुणाविरुद्ध होतं, हे लिहायला त्या ओळीत जागा नाही. तिथे फक्त शून्य, एक किंवा दोन मांडायचं असतं.

या पार्श्वभूमीवर मोबाइल आला. त्याच्या आगेमागेच, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत ग्रेगरी अबोव्ड आणि जिलियन हेझ यांनी ‘केअरलॉग’ नावाची एक सुंदर कल्पना राबवली. वर्गातला कॅमेरा सतत चित्रण करत असे, पण ते आपोआप पुसलंही जाई. काही घडलं की शिक्षिका नंतर बटण दाबे आणि आधीची काही मिनिटं जपली जात. म्हणजे बिजूंचा पहिला रकाना यंत्राने परत आणला. ठिणगी कुठे पडली, कोण काय बोललं, हे स्मरणावर न सोडता पाहता येऊ लागलं, आणि त्या चित्रात शिक्षिका स्वतःही होती. 2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, 2010 मध्ये आयपॅड आला, आणि बाजाराने मात्र यातला सोपा भाग उचलला. मोजणीचं बटण, वेळेचं घड्याळ, रंगीत आलेख. आधी-नंतरचे रकाने बहुतेक ॲपांत आहेत, पण निवडयादीच्या रूपात. ‘काम सांगितले’, ‘नकार दिला’, ‘लक्ष दिले नाही’. कुणी, कसं, कितव्यांदा सांगितलं, ते त्या यादीत मावत नाही. घाईत तर तेही भरलं जात नाही, कारण बटण एका क्षणाचं असतं आणि हकिकत लिहायला पाच मिनिटं जातात. व्हिक्टर आज असता तर त्या दिवशीची नोंद झाली असती ‘चावणे, 1 वेळा, काम सांगितल्यावर’, आणि आठवड्याच्या आलेखात तो दिवस वाईट ठरला असता.

माणसाची आठवण तर याहून फसवी, मग मोजणी बरी नाही का, असं कुणी म्हणेल. म्हणणं बरोबर आहे. दमलेल्या आईला शेवटचा आकांतच आठवतो, मधले चार शांत दिवस आठवत नाहीत, आणि औषध लागू पडतंय का हे ठरवायला आकडे लागतातच. पण आठवणीवरचा उपाय म्हणजे फक्त आकडा नव्हे. 1994 मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी 11 स्वमग्न आणि 11 इतर मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओफिती तपासल्या. माणसांकडे पाहणं, बोटाने दाखवणं, नावाला ओ देणं यांत वर्षभराच्या वयातच फरक दिसला. त्या फिती वर्तन मोजायला घेतलेल्या नव्हत्या, केक कापतानाच्या होत्या. प्रश्न नंतर सुचला तरी उत्तर त्यांच्यात होतं, कारण त्यांत मुलाभोवतीची माणसं, हाका, गोंगाट सगळं आलं होतं. एका वर्तनापुरतं केलेलं बटण मात्र ज्या प्रश्नासाठी केलं, त्याचंच उत्तर देतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तज्ज्ञ मोठ्या शहरांत, मुलं सगळीकडे. अशा देशात मोबाइल नाकारणं म्हणजे पोटभरल्याची चैन. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेचा सहभाग असलेल्या ‘स्टार्ट’ प्रकल्पाने दिल्ली परिसरात दोन ते सात वर्षांच्या 131 मुलांसोबत टॅबलेट वापरून पाहिला. मुलाच्या घरी जाऊन, तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी खेळवजा चाचण्या घेतल्या, आणि त्यावरून विकासातला फरक बऱ्यापैकी ओळखता आला. अमेरिकेत 2021 मध्ये औषध प्रशासनाने ‘कॅनव्हास डीएक्स’ या साधनाला परवानगी दिली. पालकांची उत्तरं, मोबाइलवरचं चित्रण आणि डॉक्टरांचं मत यांवरून ते निदानाला मदत करतं. 425 मुलांवरच्या अभ्यासात त्याने सुमारे दोन-तृतीयांश मुलांबाबत ‘सांगता येत नाही’ असंच उत्तर दिलं. ही त्याची उणीव म्हणून सांगितली जाते, मला ती सचोटी वाटते. या साधनांशी माझं भांडण नाही. ती एकदा पाहून थांबतात, आणि डॉक्टरांचा दरवाजा उघडून देतात. रोजची, वर्षानुवर्षांची पाळत ही निराळी गोष्ट आहे, आणि प्राथमिक चाळणी चाचणीच्या गरजेचं समर्थन तिला उसनं देता येत नाही.

फोन आईच्या हातात आहे, म्हणजे सत्ता घरी आली, हा तिसरा युक्तिवाद. वहीही आईच्याच हातात होती, पण वहीत काय लिहायचं ते ती ठरवत होती. ॲपमध्ये रकाने आधीच आखलेले येतात, आणि भरले नाहीत की आठवण करून देणारी घंटी वाजते. त्यातून ‘हात फडफडवणे’ ही कमी करायची बाब ठरते. जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये आणि मिशेल डॉसन यांनी 2004 मध्ये, स्वतः स्वमग्न असलेल्यांच्या बाजूने, याच दिशेचा प्रश्न उभा केला होता. ही बाब कमी व्हावी असं ठरवलं कुणी? हात फडफडवणं कधी आनंदाचं असतं, कधी असह्य आवाजावरचा उतारा. आलेख खाली आला म्हणजे गोंगाट कमी झाला की उतारा काढून घेतला, हे रेघ सांगत नाही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायला मदत करणारं ‘जेलो’सारखं ॲप याच फोनवर चालतं. त्यात बोट मुलाचं असतं. दोन्ही कामांना आपण ‘विशेष मुलांसाठी तंत्रज्ञान’ म्हणतो, हा भाषेचा आळस आहे.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांच्या वर्तनाचं निरीक्षण करायला कंपन्यांना मनाई केली. नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी आरोग्यसेवा आणि शिक्षणसंस्थांना ठरावीक कामापुरती त्यातून सूट दिली. घरगुती कामासाठी माणसाने स्वतः ठेवलेली नोंद मुळातच कायद्याबाहेर आहे. म्हणजे ट्रिप्लेट वकिलाचं पत्र बापाच्या मेजावर असेपर्यंत खासगी, डॉक्टरांच्या फाइलीत गेलं की हिशेबात. मुलाच्या नावावर दहा वर्षांत साचलेले हजारो ठिपके तो मोठा झाल्यावर त्याला वाचायला मिळावेत का, त्यात खोडण्याचा हक्क त्याचा असावा का, यावर आपल्याकडे अजून वाद सुरूही झालेला नाही.

डोनाल्ड ट्रिप्लेट 2023 मध्ये, 89 व्या वर्षी वारले. फॉरेस्टमध्येच राहिले, तिथल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, जगभर एकट्याने फिरले. 33 पानांत त्यांचं सगळं वर्तन होतं, पण पुढचं हे आयुष्य त्यातून वर्तवता आलं नसतं. 2010 मध्ये त्यांच्यावर लेख लिहिणारे जॉन डोनव्हन आणि कॅरन झुकर हे पत्रकार त्या गावात गेले होते, तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी आधी त्यांनाच बजावलं होतं, की डोनाल्डला त्रास होईल असं काही केलंत तर गाठ आमच्याशी आहे.